यकृताच्या बायोप्सीला जाण्यापूर्वी

यकृताचा तुकडा काढून तपासायचा आहे, असे ऐकले की अनेकांना शस्त्रक्रियाच आठवते. प्रत्यक्षात सुईने निघतो तो शेवईएवढा, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा धागा, म्हणजे यकृताचा जवळपास पन्नास हजारावा भाग. तरीही सुईची गरज आहे का, हे आधी विचारावे. यकृत किती कडक झाले आहे एवढेच पाहायचे असेल तर बहुधा फायब्रोस्कॅन, म्हणजे सुई न टोचता बाहेरून यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, पुरतो. त्याला किमान ३ तास उपाशी जावे, कारण जेवणानंतर यकृताकडे रक्त अधिक वाहते आणि आकडा फुगतो. मात्र सूज रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाने आली की औषधाने, असा पेच पडला, की बायोप्सीचा आधार घ्यावा लागतो.

डॉक्टरांना घेत असलेली सर्व औषधे सांगावीत, काढे आणि चूर्णेसुद्धा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, त्यामुळे ‘ते तर घरगुतीच’ म्हणून हा तपशील गाळू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे; हृदयात स्टेंट असेल तर त्या स्वतःहून बंद करणे धोक्याचे ठरते.

प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी आधी होते, आणि सुईचा मार्ग बराचसा त्यावरच ठरतो. अहवाल ठीक असल्यास सोनोग्राफीत पाहून, उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर करून सुई घालतात. त्या क्षणी सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून धरावा, कारण श्वासाबरोबर यकृत वरखाली सरकते. रक्त नीट गोठत नसेल किंवा पोटात पुष्कळ पाणी झाले असेल, तर मानेतील शिरेतून नळी यकृताच्या शिरेपर्यंत नेऊन आतूनच नमुना घेतात. हा मार्ग लांबचा असला तरी रक्त आलेच तर ते सहसा शिरेतच राहते, शिवाय त्याच बैठकीत यकृतातील रक्तदाबही मोजता येतो.

खरी शिस्त नंतर लागते. बरगड्यांमधून सुई घातली असल्यास पहिले एक-दोन तास बहुधा उजव्या कुशीवर झोपवतात. तेव्हा उठण्याची घाई करू नये. उजवा खांदा दुखला तर नवल नाही, यकृताला लागून असलेल्या श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची) ती वेदना असते. परंतु दुखणे वाढत गेले, चक्कर आली किंवा शौच काळी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तस्राव झालाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो, आणि म्हणूनच त्या रात्री एकट्याने राहू नये.