वर्कफोर्स डायव्हर्सिटीवर प्रोजेक्ट करताय? मग असा करा

पुण्यात एमबीएच्या पोरांचे डायव्हर्सिटीवरचे, म्हणजे एकाच ठिकाणी काम करणाऱ्या वेगवेगळ्या माणसांवरचे प्रोजेक्ट दरवर्षी माझ्याकडे वाचायला येतात आणि बहुतेकांत तेच, आधी व्याख्या, मग फायदे-तोटे, मग गुगल फॉर्मचे पाय चार्ट. एवढा जिवंत विषय, त्याचं असं झालेलं बघवत नाही, म्हणून सांगतो.

आधी सगळी थिअरी बाजूला ठेवा आणि डोळ्याने बघितलेली एक गोष्ट पकडा. समजा चाकणला इंटर्नशिप आहे, तर जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला बसा. पर्मनंटवाले पंख्याखाली, कंत्राटी पोरं वेगळ्या रंगाच्या टीशर्टात पार शेवटाला, त्यातही बिहार-यूपीची एकीकडे, लातूर-नांदेडची एकीकडे, बायका सगळ्या एकाच टेबलावर. जे दिसेल त्याचा वहीत साधा नकाशा काढा. आता हा एकच नकाशा घेऊन एकेका शास्त्राकडे जायचं.

इकॉनॉमिक्स आधी पगार विचारणार. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1957 मध्ये मांडलं की भेदभाव मालकालाही महागात पडतो, म्हणजे स्पर्धा असेल तर असा मालक मागे पडायला हवा. मग भेदभाव अजून टिकलाय कसा? इथे सोशिऑलॉजी लागते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी आपल्याकडच्या खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा, तरी दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. हे 2007 ला छापून आलंय आणि ते वाचल्याशिवाय भारतातल्या डायव्हर्सिटीवर लिहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण अमेरिकन टेक्स्टबुकात जात सापडत नाही. बाबासाहेबांनी तर 1936 लाच सांगितलं होतं की जात म्हणजे नुसती श्रमाची नाही तर श्रमिकांची विभागणी. म्हणून प्रत्येकाला विचारा, तुला इथे लावलं कोणी? गावाकडचा ठेकेदार, मामा, की जाहिरात बघून आलास?

सायकॉलॉजीत हेन्री ताजफेल बघा. त्याने 1970 च्या आसपास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे नावापुरते गट पाडले, कोणाला कुठली चित्रं आवडतात एवढ्यावरून पाडलेत असं नुसतं सांगून, तरी पैसे वाटताना मुलं आपल्याच गटाला झुकतं माप देत होती. पण तुमच्या खरं कामाचं आहे ते लाऊ आणि मर्निघन यांचं 1998 चं फॉल्टलाइनचं, म्हणजे गटात पडणाऱ्या फटीचं मांडणं. एचआरच्या डॅशबोर्डवर टक्के छान दिसतात, पण कंत्राटी तोच परप्रांतीय, तोच हिंदी बोलणारा आणि तोच वयाने लहान असं सगळं एकावर एक आलं की फट खोल जाते. पर्मनंटमध्येही थोडे बाहेरचे असतील, कंत्राटीत थोडे चाकणचेच असतील, तर ती फट तेवढी खोल होत नाही. नुसती टक्केवारी मोजून हे कळणारच नाही, कोणते भेद एकाच माणसावर साचलेत ते बघावं लागतं.

कायद्याचं थोडक्यात. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, आणि तो कंत्राटी बायकांनाही लागू आहे. त्यांना हे माहितीये का, एवढं विचारलंत तरी एक चॅप्टर होईल.

लिहिताना मात्र शास्त्राला एक चॅप्टर असं करू नका, प्रश्नाला एक चॅप्टर करा आणि दोन शास्त्रांचं जिथे पटत नाही तिथे जास्त पानं द्या. कंत्राटी पोरांशी सुपरवायझरसमोर बोलू नका, सुट्टी झाल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर बोला, आणि वहीत कोणाचंही नाव लिहू नका, त्यांची नोकरी जाऊ शकते.