मागे लागणारा मॉन्स्टर: भीती वाढली पाहिजे, पण चीटिंग वाटता कामा नये

हॉरर गेममध्ये पाठलाग करणारा मॉन्स्टर टाकायचा म्हटलं की बहुतेक जण आधी त्याचा स्पीड वाढवतात, मग त्याला एका फटक्यात मारायला लावतात, आणि मग टेस्टिंगला बसवलेलं पोरगं दोन-तीनदा मेलं की घाबरायचं सोडून वैतागतं आणि म्हणतं, "काय भो, हा आला कुठून?" हा प्रश्न आला म्हणजे काम गंडलंय असं समजा. मेल्यावर त्याच्या तोंडून "अरे, दार लावायला पाहिजे होतं" असं निघालं पाहिजे. पकडलं की भीती संपली, त्यामुळे पकडायच्या आधीचा वेळ ताणायचा आणि त्या वेळात प्लेयरला काहीतरी करता येईल एवढी माहिती द्यायची, बाकी सगळं यातूनच निघतं.

मी गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नाशकातल्या वाड्यावर एक छोटा गेम करतोय, ओसरी, चौक, माजघर, वर माडी, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो. युनिटी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॉन्स्टरला दोन मेंदू द्या. २०१४ च्या एलियन आयसोलेशन या हॉरर गेममध्ये असंच आहे: वरच्या डायरेक्टरला, म्हणजे पडद्यावर न दिसता एलियनला हलवणाऱ्या प्रोग्रॅमला, प्लेयर कुठंय ते कायम माहीत असतं, पण एलियनला तो फक्त साधारण कुठल्या भागात जा एवढंच सांगतो, तिथं गेल्यावर शोधायचं काम एलियनने स्वतःच्या डोळ्या-कानांनी करायचं. आणि एलियन फार वेळ प्लेयरच्या जवळ घुटमळला की डायरेक्टरच त्याला लांब पाठवतो. हे दुसरं लोक विसरतात राव! मॉन्स्टर सतत शेजारच्या खोलीत असेल तर माणूस कपाटात बसून मोबाईल बघायला लागतो, घाबरत नाही. एक टेन्शन मीटर ठेवा, मॉन्स्टर जवळ असला किंवा दिसत असला की भरणारा, आणि पूर्ण भरला की त्याला माडीच्या दुसऱ्या टोकाला पाठवा, पण चालत, आवाज करत. प्लेयरला तो गेलेला ऐकू आला पाहिजे, नाहीतर सुटलो हे त्याला कळणारच नाही.

आवाजावर मात्र जीव ओता. माझ्या मॉन्स्टरच्या पायात खडावा आहेत. माडीच्या लाकडी फळ्यांवर घुमणारा ठक-ठक, खाली शहाबादी फरशीवर कोरडा टक-टक, आणि चौकातल्या मातीत जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे माणूस माजघरात कंदील विझवून बसलेला असतो, डोक्यावरून ठक-ठक जिन्याकडे जातं, जिन्यावर उतरताना एकेक पायरी मोजता येते, मग फरशी, आणि मग आवाज बंद. म्हणजे तो चौकात उतरलाय, किंवा फरशीवरच उभा राहून कान देतोय. इथं काहीही न करता भीती दुप्पट होते आणि तरी फसवलं असं कोणी म्हणत नाही, कारण माती मऊ असते हे सगळ्यांना माहितीये. मध्ये भिंत असेल तर आवाजाला लो-पास फिल्टर लावा, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर कापून तो दबका होतो; मॉन्स्टरपासून प्लेयरपर्यंत एक रेकास्ट, म्हणजे न दिसणारी सरळ रेघ, टाकला की भिंत आहे का ते कळतं.

मॉन्स्टर आत्ता कुठल्या मूडमध्ये आहे तेही बाहेरून वाचता आलं पाहिजे. पूर आला की आपण कुठं आकडे बघत बसतो, नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, एवढ्यावर अख्ख्या गावाला अंदाज येतो. तसंच इथं. फिरतोय, संशय आलाय, शोधतोय, मागे लागलाय, या चारही अवस्थांची चाल आणि आवाज वेगळा ठेवा. १९८० च्या पॅकमॅनमध्येसुद्धा पहिल्या लेव्हलला भुतं ७ सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग २० सेकंद मागे लागतात, आणि हा मोड बदलला की सगळी एकदम उलटी फिरतात, तेवढ्यावरून मुरलेला खेळाडू ओळखतो.

दिसलं की लगेच धावला असं करू नका. समोर, उजेडात, ५ मीटरच्या आत असाल तर संशय अर्ध्या सेकंदात भरू दे, नजरेच्या कडेला किंवा अंधारात असाल तर २ सेकंद लागू दे. आड गेल्यावरही साधारण पाऊण सेकंद त्याला तुमची खरी जागा माहीत राहू दे, नाहीतर कोपऱ्यावर तो येड्यासारखा थांबतो. त्यानंतर शेवटची दिसलेली जागा, बस्स.

स्पीडचं गणित करूनच लेव्हल बांधा. प्लेयर सेकंदाला ४.५ मीटर पळतो आणि मॉन्स्टर ४.८, तर ६ मीटरचं अंतर तोडायला त्याला २० सेकंद लागतात, म्हणजे तेवढ्यात कडी लावता येईल असं एक दार आलंच पाहिजे. दार फोडायला त्याला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात प्लेयर जवळजवळ ७ मीटर पुढे जातो. कडी लावायला किती वेळ जातो तो यातून वजा करायला विसरू नका, आणि दार एकदाच कामाला येऊ दे, फुटलं की फुटलं.

पहिली भेट कधीच जीवघेणी नको. खिडकीच्या गजांमधून दिसू दे, खडावा ऐकू येऊ दे, जाऊ दे. तेच तेच कपाट कोणी वापरत असेल तर मॉन्स्टरने ते उघडून बघायला लागावं, पण आधी एकदा शेजारचं उघडून दाखवा. मॉन्स्टरला टेलिपोर्ट, म्हणजे एका जागेवरून गायब करून दुसरीकडे उभा, करायचाच असेल तर जिथून तो निघून गेलेला ऐकू आला त्याच बाजूला करा, प्लेयरने आत्ताच रिकामी बघितलेल्या खोलीत अजिबात नाही. आणि मेल्यावर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त खेळ परत खेळायला लावू नका, त्याच जिन्यावरून परत परत चढताना भीती राहत नाही, नुसता कंटाळा येतो.

टेस्टिंगला कॉलेज रोडवरच्या कुठल्याही पोराला हेडफोन घालून बसवा आणि आपण तोंड बंद ठेवा. प्रत्येक मरणाला फाईलमध्ये एक ओळ लिहून घ्या: मॉन्स्टरला प्लेयर कशाने सापडला, डोळ्याने, कानाने की डायरेक्टरने. डायरेक्टरच्या इशाऱ्यानंतर १० सेकंदांच्या आत कोणी मेलं असेल तर तो भाग आधी उघडा, बाकीचं बॅलन्सिंग नंतर.