विज्ञानकथेतील मायाव्याशी सामना कसा लिहावा

विज्ञानकथा लिहू लागलेल्या लेखकाला एक प्रसंग हमखास अडवतो. कथेत कोणी अमानवी मायावी आहे. तो माणसाच्या मनाशी खेळतो, त्याला हवे ते दाखवतो आणि नको ते त्याच्याकडून करवून घेतो. आणि आता नायिकेने त्याच्यासमोर उभे राहायचे आहे. इथवर चांगली चाललेली कथा नेमकी याच ठिकाणी घसरते. एक तर कोणी शास्त्रज्ञ ऐनवेळी यंत्र काढून मायाव्याला नष्ट करतो, नाही तर नायिका माणुसकीवर भाषण करते आणि मायावी निरुत्तर होऊन निघून जातो. दोन्हींत वाचकाची निराशा होते, कारण आधीच्या पानांवर मायाव्याने जे डाव टाकले त्यांचा उलगडा कुठेच होत नाही. विज्ञानकथेतला हा सामना ही एक कसोटी असते, असे माझे ठाम मत आहे. मायावी कोणत्या नियमाने बांधलेला आहे हे नायिकेने पुराव्यावरून ओळखायचे असते, आणि तो पुरावा वाचकाच्याही हाती आधीच पडलेला असावा लागतो. असा प्रसंग कसा उभा करावा, ते एक काल्पनिक कथा रचत पाहू.

१. मायाव्याची मर्यादा आधी ठरवा

कथेची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: मायाव्याला काय जमते, काय जमत नाही आणि माणसाकडून त्याला नेमके काय हवे आहे. तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ज्याला सर्व काही साध्य आहे त्याला कोणाला भुलवण्याची गरज नसते. तो हवे ते सरळ घेईल. मायावी गोड बोलतो, सौदा करतो, घाई करतो, याचाच अर्थ असा की कुठेतरी त्याचे घोडे अडलेले आहे. ते कुठे अडले आहे हे लेखकाला पक्के ठाऊक असेल तर पुढची निम्मी कथा आपोआप सुचते.

अमर्याद फसवणूक करणारा मायावी कथेच्या कामाचा नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांनी १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या चिंतनांत अशा एका दुष्ट आणि सामर्थ्यवान फसव्याची कल्पना केली होती. आकाश, जमीन, रंग, आवाज, इतकेच काय स्वतःचे हातपायसुद्धा त्याने घडवलेला भास असू शकतात, आणि तरीही ‘मी विचार करतो आहे’ एवढे मात्र तो खोटे ठरवू शकत नाही, असा तो युक्तिवाद होता. तत्त्वज्ञानाला हा फसव्या फार उपयोगी पडला, परंतु त्याच्याविरुद्ध नायिकेला पुरावा कुठून मिळणार? म्हणून मायाव्याचा हात जिथे पोहोचत नाही अशी निदान एक जागा कथेत ठेवावीच लागते.

आपल्या वेताळ पंचविशीची रचना या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावी. खांद्यावरच्या प्रेतातला वेताळ राजाला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. राजाने मौन सोडले की वेताळ पुन्हा झाडावर जातो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतात. बोलला तरी अडकला, न बोलला तरी अडकला, असा हा पेच आहे. तो सुटतो तो तलवारीने नाही. शेवटच्या गोष्टीतल्या विचित्र नात्यांच्या प्रश्नाचे उत्तर राजाला खरोखरच ठाऊक नसते, त्यामुळे त्याचे मौन प्रामाणिक ठरते आणि नियम न मोडता नियमातूनच सुटका होते. इतका चोख उलगडा आजच्या कथांतही क्वचितच सापडतो.

विज्ञानकथेत हा नियम विज्ञानाच्या जवळपासचा असावा. उष्णतेच्या अभ्यासात अशी एक सोय आयती उपलब्ध आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली एका सूक्ष्म जीवाची कल्पना मांडली. वायूने भरलेल्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर हा जीव बसतो, वेगवान रेणूंना एका बाजूला आणि मंद रेणूंना दुसऱ्या बाजूला जाऊ देतो, आणि काहीही कष्ट न करता एक कप्पा तापवून दुसरा थंड करतो. हे फुकटचे काम निसर्गनियमांत बसत नव्हते. पुढे १९६१ साली रोल्फ लँडाउअर यांनी दाखवले की साठवलेली माहिती पुसताना काही ना काही उष्णता बाहेर टाकावीच लागते, आणि त्यानंतर चार्ल्स बेनेट यांनी स्पष्ट केले की त्या जीवाची स्मृती केव्हातरी भरणार, ती पुसावी लागणार आणि तेव्हा सगळा हिशेब चुकता होणार.

आपल्या कथेचा मायावी याच धर्तीचा आहे असे धरू. त्याला विश्वातले पुष्कळ काही दिसते आणि दिसलेले सारे आठवते, परंतु पुसणे त्याला परवडत नाही. त्याचे जे ठसे माणसांच्या यंत्रांत उमटतात तेही त्याच्याच स्मृतीचा भाग आहेत, आणि ते तो माणसांकरवी पुसवून घेतो. ही अर्थात कथेने घेतलेली सूट आहे. अशी सूट एकदाच घ्यावी आणि शेवटपर्यंत तिच्याशी इमान राखावे.

२. आमिष खरे ठेवा

आता नायिका. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही आकाशातून येणारे रेडिओतरंग टिपणारी दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या आहेत. आपली नायिका तिथे रात्रपाळीला काम करते. घरच्या जबाबदारीमुळे तिचे संशोधन अर्धवट सुटले आहे आणि ती सल तिने कोणालाही सांगितलेली नाही.

मायाव्याने याच सलीला हात घालावा. मेलेल्या आईवडिलांचा आवाज काढणे, अमरत्व देऊ करणे ही आमिषे वापरून गुळगुळीत झाली आहेत. शिवाय शहाणी नायिका त्यांना भुलली की वाचकाला ती बावळट वाटते. इथे मायावी तिला आकाशातल्या दिशा सांगतो, आणि तिथे खरोखरच कोणी न पाहिलेले स्पंदक तारे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओस्पंद पाठवणारे तारे (पल्सार), सापडतात. देणगी अस्सल असली पाहिजे. वाचकानेही मनात म्हणावे की हिच्या जागी आपण असतो तर आपणही ऐकले असते.

एक तांत्रिक सूचना इथेच करतो. दुर्बिणीवर काम करणारे लोक हेडफोन लावून आकाश ऐकत बसत नाहीत. ते पडद्यावरचे आलेख पाहतात. म्हणून मायाव्याचे शब्द आलेखातल्या ठिपक्यांच्या रूपाने यावेत. कार्यस्थळाचे असे तपशील चुकले की जाणकार वाचकाचा मायाव्यावरचाही विश्वास उडतो.

३. भुलवणुकीच्या पायऱ्या मांडा

भुलवणूक एका बैठकीत होत नाही. आधी खरी माहिती, मग कौतुक, मग छोटीशी विनंती, मग गुपित आणि शेवटी अपराधीपणा, असा तिचा क्रम असतो. मायाव्याच्या चार रात्रींची वाक्ये पाहावीत:

‘पहाटे तीन वाजता दक्षिणेकडे, क्षितिजापासून वीस अंशांवर पाहावे. मी तिथूनच बोलतो आहे.’

‘तुम्हीच ओळखलेत. इतरांच्या हे लक्षातही आले नसते.’

‘कालच्या नोंदींतली एवढी एक फाईल पुसाल का? तिच्यात तुमच्या उपयोगाचे काही नाही.’

‘तू अजून पुसली नाहीस. माझे काही चुकले का?’

‘तुम्ही’ची ‘तू’ झाली आहे, आणि नायिकेने त्याला परवानगी दिलेली नाही. अशा खुणा लेखकाने बोट ठेवून दाखवू नयेत; मराठी वाचकाला त्या बरोबर बोचतात. मायाव्याने शक्यतो धडधडीत खोटे बोलू नये. त्याने निवडून खरे बोलावे आणि त्याचे खोटे एकच असावे. इथे ते पहिल्याच रात्री बोलले गेले आहे.

‘याला माझ्या मनातले कसे कळले’ हा प्रसंग लिहिताना मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा १९४८ सालचा प्रयोग ध्यानात ठेवावा. त्यांनी वर्गातल्या सर्व विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे एकच सर्वसाधारण वर्णन वेगवेगळे म्हणून दिले, आणि ते आपल्याला किती लागू पडते यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. मायाव्याची अर्धी सर्वज्ञता अशा मोघम वाक्यांतून उभी करता येते, आणि नायिकेला ती नंतर ओळखताही येते.

४. कसोटी रचा

कसोटी कशी असावी याचा आदर्श आपल्याकडेच आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. बुद्धिमान आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या गेल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखण्यास सांगितले गेले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून आले असते त्याहून सरस नाही. यातली शिस्त कथालेखकाने उचलावी: निकष आधी ठरलेला होता, खरे उत्तर परीक्षार्थीपासून लपवलेले होते, आणि निकाल लागल्यावर निकष बदलण्याची सोय कोणालाच नव्हती.

पण इथे एक खाच आहे. आपला मायावी सामर्थ्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल. दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनलेल्या एका अडीचशे अंकी संख्येचे अवयव पाडायला संगणकांना २०२० साल उजाडावे लागले. मायावी त्याहून मोठ्या संख्येचे अवयव चुटकीसरशी सांगेल आणि गुणाकार करून पाहिल्यास ते बरोबर निघतील. नवखा लेखक इथेच थांबतो आणि नायिकेला शरण जायला लावतो. सामर्थ्य सिद्ध झाले म्हणून स्वतःविषयी सांगितलेली हकिकत खरी ठरत नाही. नायिकेने हे दोन प्रश्न वेगळे केले की कथेला धार येते.

म्हणून तिने त्याच्या एकमेव खोट्याची परीक्षा घ्यावी. आकाशातून येणारा रेडिओतरंग सगळ्या अँटेनांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. प्रकाशाच्या वेगाने २५ किलोमीटर अंतर कापायला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात, आणि स्रोत क्षितिजाकडे झुकलेला असेल तर दूरच्या अँटेनांमधला फरक याच्या जवळपास जाऊ शकतो. दुर्बिणीची यंत्रणा हाच फरक हिशेबात धरून सर्व संकेत जुळवते. नायिका जुळवणीपूर्वीच्या नोंदी काढते. स्पंदक ताऱ्याच्या नोंदींत हा फरक आहे; मायाव्याच्या वाक्यांत तो नाही. ती वाक्ये तिसाही अँटेनांच्या नोंदींत एकाच क्षणी उमटली आहेत. म्हणजे ती आकाशातून आलेली नाहीत. सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या इमारतीत, ती बसते त्या खोलीच्या आसपास कुठेतरी ती उगम पावली आहेत. आणि पुसायला सांगितलेली फाईल नेमकी याच नोंदींची आहे.

हा फरक काय असतो हे कथेच्या सुरुवातीला, एखाद्या नव्या सहकाऱ्याला ती काम समजावून सांगत असताना, सहज येऊन गेलेले असावे.

५. प्रत्यक्ष सामना लिहा

मायाव्याने निवडलेली वेळ आणि जागा नायिकेने नाकारावी. ती रात्री एकटी बोलत आली आहे. आता ती दिवसा येते, सहकाऱ्याला शेजारी बसवते आणि फाईलची प्रत आधीच दुसरीकडे ठेवते. गुपित फुटले की भुलवणुकीचा मोठा आधार जातो, आणि हे लिहायला एक परिच्छेद पुरतो.

त्यानंतर मायाव्याला त्याचा सर्वांत चांगला युक्तिवाद करू द्यावा. तो म्हणेल की मी दिलेला एकही तारा खोटा नाही. माझ्याविना तुला यातले काहीच सापडले नसते. एका फाईलने कोणाचे काय बिघडणार आहे? यातले पहिले खरे आहे आणि दुसरे बहुधा खरे आहे. नायिकेने ते खोडून काढू नये. तिने भाषण तर मुळीच करू नये. तिने एकच प्रश्न विचारावा: ‘मग ती तू स्वतः का पुसत नाहीस?’

पहिल्या पायरीवर वहीत लिहिलेली मर्यादा इथे कामी येते. उत्तर देणे म्हणजे आपले अडलेले घोडे दाखवणे, आणि उत्तर न देणे म्हणजे तिचा तर्क मान्य करणे. वेताळाने राजाला घातलेला पेच इथे मायाव्यावर उलटतो. आलेखावर ठिपके उमटणे थांबते. त्याचा आक्रोश, स्फोट, दिवे जाणे यांपैकी कशाचीही जरुरी नाही.

६. किंमत वसूल करा

नायिकेला हा विजय फुकट मिळू देऊ नये. फाईल जपायची तर ती दाखवावी लागणार, आणि दाखवली की ताऱ्यांच्या दिशा तिला कोणी सुचवल्या हेही सांगावे लागणार. तारे खरे असल्यामुळे इतर संशोधक ते पडताळून पाहतील आणि ते टिकतील. त्यांच्यावरचा तिचा हक्क मात्र टिकणार नाही. जी सल मायाव्याने हेरली होती ती तशीच राहते, आणि हे ठाऊक असूनही तिने प्रश्न विचारला म्हणून तिच्याविषयी आदर वाटतो.

शेवटी ‘हा सारा तिच्या मनाचा आजार होता’ असा खुलासा कृपया करू नये. मनोरुग्णाला भूतबाधा झाली असे समजून त्याला साखळीने बांधणे, मारहाण करणे असे प्रकार आपल्याकडे घडत आले आहेत, आणि महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने असल्या अघोरी उपचारांना गुन्हा ठरवले आहे. ज्या समाजात आजार आणि भूत यांची गल्लत इतकी महागात पडते, तिथे लेखकाने कलाटणी साधण्यासाठी तीच गल्लत वापरावी हे मला अयोग्य वाटते. मायावी कोण होता हे अनुत्तरित राहिले तरी चालेल. तो कोणत्या नियमाने वागला एवढे कळले पाहिजे.

७. वाचून तपासा

खर्डा पूर्ण झाल्यावर तो शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावा. सामन्यात वापरलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे अँटेनांमधला वेळेचा फरक, पुसण्याची विनंती आणि पहिल्या रात्रीचे विधान, आधी कुठे आली आहे त्या पानावर खूण करावी. खूण करायला पान सापडले नाही तर ती गोष्ट मागे जाऊन पेरावी; सामन्याच्या प्रसंगातच खुलासा घुसडू नये. मग शेवटचा प्रसंग काढून घेऊन उरलेली कथा दोघातिघांना वाचायला द्यावी आणि मायाव्याला काय हवे आहे असे तुम्हाला वाटते, एवढेच विचारावे. सर्वांनी अचूक सांगितले तर पुसण्याची विनंती फार ठळक झाली आहे. ती इतर किरकोळ कामांच्या यादीत लपवावी. कोणालाच काही सांगता आले नाही तर ती आणखी एकदा, वेगळ्या रात्री, थोड्या वेगळ्या शब्दांत यायला हवी.