पिशवी काढलेल्या बाईचं काय? आरओएल (आधी झालेल्या संशोधनाचा आढावा) लिहायला बसलेल्यांसाठी

परंड्याकडची एक पोरगी गेल्या जूनमध्ये सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, घेऊन माझ्यापुढं बसली. विषय काय, तर ‘ग्रामीण महिलांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दलची जागरूकता’. मी म्हटलं, बाई, ह्या नावाची डिझर्टेशनं आपल्या लायब्ररीत कपाटभर आहेत आणि सगळ्यांचा निष्कर्ष एकच, जागरूकता कमी आहे. ते कळायला एम.एस्सी. कशाला लागते? आज्जीला विचार.

“विचारलं मॅडम. ती म्हणली, दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला जायचं तपासायला?”

हे वाक्य मी तिला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं. पुढचे आठ महिने ते कामाला आलं.

मी लातूरच्या बाजूला नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी भूम तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, होते. दरवर्षी सात-आठ जणींचं आरओएल माझ्या हाताखालून जातं. पोरी त्याला ‘चॅप्टर टू’ म्हणतात आणि दोन रात्रीत उरकतात. अमक्याने शंभर महिलांचा अभ्यास केला, तमक्याने दीडशे महिलांचा केला, असे मालगाडीचे डबे जोडत जायचं. डबे भरपूर, इंजिनाचा पत्ता नाही. वाचून संपलं तरी नेमकं काय माहीत आहे, काय नाही, आणि माहीत असून आपल्या उपकेंद्रावर काय होत नाही, यातलं काहीच हाती लागत नाही. आढावा त्यासाठीच तर करायचा असतो.

सुरुवात प्रश्नापासून करा, विषयापासून नको. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोण, त्यांच्यासाठी काय केलं, कशाच्या तुलनेत, आणि त्यातून काय बदललं. पुस्तकात याला पिको म्हणतात. परंड्याच्या पोरीचा प्रश्न तीन बैठकींनंतर असा झाला: भारतातल्या खेड्यांतल्या ३० वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी केली तर, न केलेल्यांच्या तुलनेत, ह्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का? आणि होत असतील तर ती तपासणी आज आपल्याकडं कोणाला मिळते? दुसऱ्या वाक्यासाठी वेगळ्या जातीचे कागद लागतात, ते पुढं सांगते.

आता शोध. पबमेड ही वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची फुकट आहे, तिथूनच सुरू करा. गूगल स्कॉलर शेवटी ठेवा. ते चांगलं नाही असं नव्हे, पण तिथं आज जे पहिल्या पानावर दिसलं ते महिन्याभरानं दिसेल याची खात्री नसते, आणि तुमचा शोध दुसऱ्या कोणाला जसाच्या तसा करता आला पाहिजे. एका अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोडा, वेगळ्या अर्थाचे गट ‘अँड’ने. ऑर लावलं की जाळं पसरतं, अँड लावलं की आवळतं. पबमेडची स्वतःची विषयसूची आहे, मेश. त्यात आपला आजार ‘युटेराइन सर्व्हायकल निओप्लाझम्स’ या नावाखाली आहे. नुसतं ‘सर्व्हायकल’ घातलंत तर मानेच्या मणक्यांचे पेपर येऊन आदळतील. माझ्या एका विद्यार्थिनीनं मानेचे ४० पेपर डाउनलोड केले होते, बिचारीनं.

आपल्याकडच्यांसाठी एक खास सूचना, कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. गावांची जुनी नावं घालून शोधा. धाराशिव हे नाव अधिकृत झालं २०२३ मध्ये, त्यामुळं त्याआधीच्या पेपरांत उस्मानाबादच आहे. छत्रपती संभाजीनगरचं तेच, तिथं औरंगाबाद टाका. बीडचं स्पेलिंग जुन्या कागदांत दोन-तीन तऱ्हांनी येतं. पोरीनं आधी फक्त धाराशिव टाकलं होतं, पदरी काहीच पडलं नाही. म्हणाली, आपल्या जिल्ह्यावर कोणी कामच केलं नाही मॅडम. मग उस्मानाबाद टाकलं, आणि जगभर गाजलेला अभ्यास समोर आला.

त्याच्याकडं येतेच. त्याआधी वहीचं सांगते. शोध कोणत्या तारखेला, कुठं, कोणत्या शब्दांनी केला, किती पेपर आले, हे त्याच वेळी लिहून ठेवा. माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.च्या वेळी मी हे केलं नाही. वर एक संदर्भ दुसऱ्याच्या डिझर्टेशनमधून उचलला, मूळ पेपर न उघडता. व्हायवाला एक्स्टर्नल मॅडमनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं, “हा वाचलाय का?” मी हो म्हणाले. त्यांनी विचारलं, कोणत्या देशातला आहे? मला सांगता आलं नाही. पास झाले, पण ती शांतता अजून आठवते. हल्ली तर मोबाइलला विचारलं की तो जन्मालाच न आलेल्या पेपरांची नावंही लेखकांसकट देतो. नियम एकच, जो उघडला नाही तो लिहायचा नाही.

पेपर चाळायचे तीन चाळण्यांनी: आधी शीर्षक, मग सारांश, मग पूर्ण पेपर. दोघींनी वेगवेगळं चाळायचं आणि जिथं मत जुळत नाही तिथं तिसरीला विचारायचं. पूर्ण वाचून बाजूला काढलेल्या प्रत्येक पेपरापुढं कारण लिहायचं. किती आले, किती गळले, किती उरले याचा तक्ता प्रिझ्मा नावाच्या नमुन्यात करतात. त्याची २०२० ची आवृत्ती वापरा, जुनी नको. पूर्ण पेपर मिळत नसेल तर पबमेड सेंट्रल पाहा, तिथंही नसेल तर लेखकाला चार ओळींचा ईमेल टाका. बहुतेक जण पाठवतात.

आता उस्मानाबादचा पेपर. तो नीट वाचून दाखवते, कारण वाचायचं कसं हे सांगून कळत नाही.

मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम १९९९ मध्ये सुरू केलं. पेपर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००९ ला आला, पहिलं नाव शंकरनारायणन यांचं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. कोणाला कोणती तपासणी द्यायची हे ठरवायला एकेका बाईची चिठ्ठी काढली नव्हती, गावांचे ५२ गट पाडून गटांची काढली. चार हिस्से झाले: एकाला एचपीव्ही म्हणजे ह्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी, एकाला पॅप स्मिअर म्हणजे मुखावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एकाला व्हीआयए म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा.

पोरीनं एचपीव्हीच्या हिश्श्यात १२७ कर्करोग आणि चौथ्या हिश्श्यात ११८ हे आकडे वाचले आणि वहीत लिहिलं, ‘उपयोग नाही’. मी म्हटलं, पुढची ओळ वाच. त्या १२७ मधले पुढच्या टप्प्यातले, म्हणजे दुसऱ्या स्टेजचे किंवा त्यावरचे, होते ३९. आणि ११८ मधले? ८२. तपासणीनं आजार येण्याआधी थांबवण्यापेक्षा आलेला आजार लवकर पकडला. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे, ३४,१२६ आणि ३१,४८८. मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर ०.५२, त्याची खात्रीची कक्षा ०.३३ ते ०.८३. गुणोत्तर एक म्हणजे काहीच फरक नाही; इथं कक्षा एकच्या अलीकडंच संपते, म्हणजे फरक योगायोगाचा असण्याची शक्यता कमी. पॅप आणि व्हीआयएच्या हिश्श्यांत मात्र मृत्यूंमध्ये ठाम फरक दिसला नाही. हे सगळं एकाच फेरीच्या तपासणीत.

मग पोरगी खूश, लिहून टाकलं ‘व्हीआयए निरुपयोगी’. थांब म्हटलं. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात नर्सनी केलेल्या व्हीआयएच्या एका फेरीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, ते २००७ ला लॅन्सेटमध्ये आलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, १२ वर्षांनंतर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. अशा वेळी ‘दोघांत होतं, एकात नाही’ अशी मतमोजणी करू नका. तिन्ही पेपर शेजारी ठेवून रकाने पाडा: किती फेऱ्या, कोणी बघितलं, त्यांना किती दिवस शिकवलं, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी उपचारापर्यंत किती पोचल्या. व्हीआयए बघणाऱ्याच्या डोळ्यावर आणि सरावावर चालते, मी स्वतः केलेली आहे. ढगाळ दिवस, हातात बॅटरी, टेबलावर अवघडलेली बाई, आणि पांढरा डाग खरा की उजेडाचा हे तुम्ही मिनिटभरात ठरवायचं. असे रकाने भरले की निकाल वेगळे का आले याची कारणं दिसायला लागतात, ती शक्यता म्हणून लिहा.

तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही, यावरून ह्या अभ्यासांवर पुढं कडक टीका झाली. तीही नोंदवा. पुरावा कोणाच्या जिवावर मिळाला हे आढाव्यात यायलाच पाहिजे, असं माझं मत आहे. गाईड नको म्हणाले तर माझं नाव सांगा.

अभ्यासाचा दर्जा तपासायला जेबीआय ह्या संस्थेच्या प्रश्नांच्या याद्या सोप्या आहेत, त्या वापरा. शंभर बायकांना ओपीडीच्या बाकावर गाठून भरलेली प्रश्नावली आणि लाखभर बायकांचा चिठ्ठी काढून केलेला अभ्यास यांना एकाच मापानं तोलू नका.

आता दुसऱ्या जातीचे कागद, जे पबमेडवर सापडत नाहीत: सरकारी मार्गदर्शक सूचना, सर्वेक्षणं, समित्यांचे अहवाल. शोधगंगेवरचे प्रबंध बघा, आणि सीटीआरआय ही भारतातल्या चाचण्यांची नोंदवही बघा. ती २००७ ला सुरू झाली, तेव्हा उस्मानाबादची चाचणी तिच्यात दिसली नाही म्हणून घाबरू नका. केंद्राच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करायची म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते, पहिली तपासणी एचपीव्हीची ठेवा. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं कधी ना कधी तपासणी झालेल्या दोघीही भरत नाहीत. म्हणजे ज्या तपासणीचा पुरावा आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दिला, ती त्यांच्याच उपकेंद्रावरच्या नेमाच्या कामात नाही. इथं ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य लिहायचं नाही. इथं ज्ञानाची उणीव नाहीच, सेवेची आहे. दोन्ही उणिवा वेगळ्या मथळ्यांखाली लिहा, म्हणजे कोणाला काय करायचंय ते कळतं.

उणिवेची तिसरी जात शोधायला अभ्यासाची निवड-अट वाचा, ती छोट्या अक्षरात असते. उस्मानाबादच्या अभ्यासात गर्भाशय शाबूत असलेल्याच बायका घेतल्या होत्या. ते बरोबरच आहे, मुखच नसेल तर तपासणार काय? पण आपल्या शेजारच्या बीडमध्ये २०१९ ला सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून काढल्याच्याही तक्रारी होत्या. पोरगी म्हणाली, मग ह्या बायकांचं काय? मी म्हटलं, हा प्रश्न घेऊन सगळे पेपर परत वाच. पिशवी काढायच्या आधी मुखाची तपासणी झाली होती का, हे कोणी विचारलंय? तिनं निवडलेल्या पेपरांत कोणीच विचारलं नव्हतं.

तक्ता पुरा झाल्यावर सबमिट करायची घाई करू नका. तो घेऊन प्रत्यक्ष काम करणाऱ्या बाईकडं जा. आम्ही माझ्या ओळखीच्या एका सीएचओकडं, म्हणजे उपकेंद्रावरच्या आरोग्य अधिकारी बाईकडं, गेलो, उपकेंद्राच्या ओट्यावर बसून तक्ता दाखवला. तिनं चहा होईस्तोवर निमूट वाचला. मग बोट ठेवून म्हणाली, “ताई, हे फॉलोअपचं टक्केवारीत लिवलंय, पर म्हैना कुटं हाय? माझ्याकडं सप्टेंबरात पॉझिटिव्ह आली तर मी तिला तालुक्याला पाठवते. तिची तारीख येईस्तोवर दसरा होतो आन् टोळी कारखान्यावर गेलेली असती. उचल घेतलीय म्हणल्यावर मुकादम थांबतोय व्हय? ती परत येती उन्हाळ्यात.”

परतीच्या एसटीत पोरीनं मांडीवर वही ठेवून एक रकाना वाढवला: तपासणीचा महिना, उपचाराचा महिना. पुढचे पंधरा दिवस सगळे पेपर परत उघडून तो भरत बसली. बहुतेकांपुढं रकाना रिकामा राहिला. भरायला काही नाही म्हणून काढून टाकू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं, तो रिकामाच छापला.