एसएमडी पार्ट बदलताना या चुका टाळा

एसएमडी म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले बारीक पार्ट. त्यांच्या रिपेअरला आलेले बोर्ड उष्णतेपेक्षा चिमट्याच्या जोराने जास्त वाया जातात. 0603 मापाचा कपॅसिटर म्हणजे जेमतेम 1.6 बाय 0.8 मिलिमीटर. त्याच्या एका टोकाचं सोल्डर वितळलेलं असतं, दुसऱ्याचं नसतं आणि हात मात्र ओढून मोकळा होतो. पार्टसोबत पॅडही, म्हणजे त्याखालचा बोर्डवरचा तांब्याचा तुकडा, उखडून येतं. मग ट्रॅकवरचं, म्हणजे तांब्याच्या रेषेवरचं, हिरवं मास्क खरवडून इनॅमल वायरचा जंपर (जोडतार) मारत बसा.

त्यापेक्षा आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा आणि दोन्ही टोकांवर थोडं 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर चढवा. कंपनीने लावलेलं लेड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर साधारण 217 अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं, 63/37 मात्र 183 लाच. दोन्ही मिसळली की काम सोपं होतं. सोल्डरिंग आयर्नचं रुंद छिन्नी बिट पार्टच्या लांब बाजूने आडवं टेकवलं की दोन्ही टोकं एकदम सुटतात आणि पार्ट आपणच बिटाला चिकटून येतो. ओढावं लागतंय म्हणजे अजून वितळलेलं नाही, एवढं समजून थांबा.

बारीक काम आहे म्हणून अणकुचीदार बिट घेण्याची खोड अनेकांना असते. त्या टोकातून उष्णता पोचतच नाही. त्यातून एक टोक ग्राउंडला असेल तर तांब्याचा पसरलेला थर सगळी उष्णता खेचून घेतो. अशा वेळी लोक सोल्डरिंग स्टेशनचं तापमान 450 अंशांवर नेतात आणि पॅडखालचा गोंद जाळतात. बिट रुंद घ्या, बोर्ड खालून थोडा तापवा. 350 पुष्कळ होतं.

नळजोडणीची अ‍ॅसिडवाली पेस्ट स्वस्त मिळाली तरी बोर्डला लावू नका, तांबं हिरवं पडतं. हॉट एअर गनची हवाही कमीच ठेवा, नाहीतर शेजारचे त्याहून बारीक 0402 मापाचे पार्ट उडतात. आणि उडालेल्या सिरॅमिक कपॅसिटरवर बहुतेक वेळा व्हॅल्यू छापलेली नसते!

काढलेला सिरॅमिक कपॅसिटर परत लावायचा मोह आवरा. बिट थेट अंगाला लागलं असेल तर त्याला न दिसणारी चीर गेलेली असू शकते, आणि तीच पुढे शॉर्ट देते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवे स्वस्तात मिळतात.

पट्ट्याचा घोळ तर नेहमीचा. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीच्या कपॅसिटरवरचा काळा पट्टा निगेटिव्ह, टँटलम कपॅसिटरवरचा पॉझिटिव्ह. उलटा लावलेला टँटलम सप्लाय देताच धूर काढतो, कधी पेटतोही.

नवा पार्ट लावूनही शॉर्ट गेला नाही? तो पुन्हा काढा आणि रिकाम्या पॅडवर मल्टिमीटरच्या बीप रेंजने मोजा. तिथे अजूनही बीप येत असेल तर तुम्ही निर्दोष कपॅसिटर काढला. खरा दोषी त्याच लाइनवर दुसरीकडे आहे. फक्त ती लाइन प्रोसेसरच्या कोअर व्होल्टेजची (त्याच्या गाभ्याला वीज देणारी) नाही ना, हे आधी पाहा. तिथे रोध मुळातच कमी असतो, त्यामुळे चांगल्या बोर्डवरही मीटर बीप देऊ शकतो. म्हणून ओहम रेंजवर मोजा आणि तसाच चालू बोर्ड असेल तर त्याच्याशी ताडून बघा.