न विकलेला कोंबडा खुराड्यात परत नको

कपाशीची दुसरी वेचणी उरकत येते, दादर ज्वारी गुडघ्याला लागते, आणि खान्देशातल्या बाजारांत डालगी, पाट्या दिसू लागतात. कार्तिकी एकादशीनंतर चातुर्मास पाळणारी घरं मोकळी होतात. पुढे दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, मग डोंगरपट्ट्यात गावोगावच्या गावदिवाळ्या. कोंबडीला गिऱ्हाईक भरपूर. आणि कोंबड्यांना मर लागते तीही याच दिवसांत.

थंडीवर खापर फोडून आपण मोकळे होतो, पण थंडीने पट्ठी कोंबडी सहसा मरत नाही. दुपारी तीस अंश आणि पहाटे दहाच्या खाली, अशा चढउताराने ती अशक्त होते एवढंच. रोग येतो तो बाजारातून, आपल्याच हाताने. एका पौषात मी तीन कोंबडे विकायला नेले. दोन गेले, तिसऱ्याला फारच पाडून मागितलं म्हणून तावातावाने परत आणला आणि अंगणात सोडला. सहाव्या दिवशी हिरवी हगवण, मग वाकड्या माना. सदतीस कोंबड्यांतल्या चार राहिल्या. पडत्या भावात दिला असता तर तो एकच कोंबडा स्वस्तात गेला असता.

ती मानमोडी होती, म्हणजे राणीखेत. औषध नाही, फक्त लस. पिल्लाला सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा, आणि आठ आठवड्यांचं झाल्यावर आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण अशी, की बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची आणि आपल्या घरी पंधरा. म्हणून पाड्यावरच्या आठ-दहा घरांनी एकच संध्याकाळ ठरवावी. कोंबड्या कोंडल्यावर धरायला सोप्या जातात. लस थर्मासात बर्फावर आणायची आणि बाटली फोडल्यापासून दोन तासांत संपवायची. उरलेली उद्यासाठी ठेवली तर ते नुसतं पाणी समजा. लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध द्या. अंड्यावरच्या आणि आजारी कोंबडीला आर-टू-बी टोचू नका. लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात, तेव्हा बाजार किंवा प्रदर्शनाची तारीख पाहून उलटे दिवस मोजा.

आता तपासणी. कोंबडीची तपासणी म्हटलं की लोक हसतात. कोंबडी केवढ्याची आणि खटाटोप केवढा! पण सगळ्यात उपयोगी तपासणी सगळ्यात सोपी आहे. सकाळी खुराड्यातून आठ-दहा ठिकाणची ताजी विष्ठा काडेपेटीएवढी गोळा करायची आणि दुपारच्या आत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात, रक्ती हगवणीचे जंतूही दिसतात. काय आहे ते कळलं की नेमकं औषध देता येतं. नाहीतर आपण दुकानदाराने दिलेली पुडी पाण्यात कालवत बसतो.

खुडूक बसवायच्या कोंबड्या आणि त्यांचा कोंबडा यांची पांढऱ्या हगवणीसाठी रक्ततपासणी जरूर करून घ्या. रक्ताचा एक थेंब, रंगीत द्रावणाचा एक थेंब, दोन्ही पांढऱ्या फरशीवर कालवायचे. दोन मिनिटांत गुठळ्या धरल्या तर कोंबडी रोगवाहक असल्याचा संशय धरायचा. अशी कोंबडी स्वतः धडधाकट दिसते, पण रोग अंड्यातून पिल्लांत उतरवते. तिची अंडी उबवायला ठेवू नका आणि ‘जातिवंत तलंग’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. लस लागली की नाही हे पाहण्याचीही रक्ततपासणी असते, पण वीस-पंचवीस कोंबड्यांसाठी मी तिच्या नादी लागणार नाही.

एखादीच कोंबडी मेली आणि कारण कळत नसेल, तर ताजी असतानाच दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवून दवाखान्यात न्यावी, गोठवू नये. पण एकाएकी तीन-चार मेल्या, तुरे आणि गळ्याखाली लोंबणारे गलोल निळे पडले, डोकी सुजली, तर हातही लावू नका, कापून तर मुळीच पाहू नका. पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा १९६२ वर फोन करा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नवापुरात. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेने तपासले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांतही तो निघाला आणि २०२१ मध्ये पुन्हा नवापुरात. माणसं लपवतात ती कोंबड्या मारतील या भीतीने. पण भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या कोंबड्यांची; आधीच मरून गेलेल्यांची नाही. म्हणजे उशीर केला तर कोंबडीही जाते आणि पैसाही. हतनूरसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात बाहेरदेशीची बदकं उतरतात, म्हणून काठावरच्या गावांनी कोंबड्यांना तिथलं पाणी पाजू नये.

प्रदर्शनाला न्यायचा पक्षी पंधरा दिवस आधीपासून रोज हाताळावा, शेवटचे दोन-तीन दिवस पिंजऱ्यातच ठेवावा. परीक्षक हात लावतो तेव्हा फडफडणारा देखणा कोंबडा शांत कोंबड्यापुढे मागे पडतो. धुवायचा तर दोन दिवस आधी, भर दुपारी, कोमट पाण्याने. संध्याकाळी भिजवलेला कोंबडा सकाळी घुरघुरतोच. पायांची खवलं उचललेली असतील तर तो किडीचा उपद्रव आहे. आधी उपचार करा, यंदा नेऊ नका. पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा पाहा. तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेलाचं नुसतं बोट फिरवावं, चोपडू नये. स्वतःचं पाण्याचं भांडं न्या. असील जातीचा कोंबडा मिरवायला न्या, झुंजवायला नको; प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

कडकनाथवाल्यांना एक सांगणं. या काळ्या जातीचं मूळ ठिकाण झाबुआ आपल्याला जवळ, त्यामुळे खरे पक्षी मिळतात तसे खोटेही. तुरा, जीभ, पायाचा तळवा काळपट हवा. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

विक्रीचा अंदाज तिथीवर बांधा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे शहरातलं गिऱ्हाईक थंडावतं. तेव्हा नर विकायची घाई नको, ३१ डिसेंबर धरा. चांगले चार नर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी राखा. नगावर विकू नका, घरून वजन करून निघा. जुन्या कोंबड्या पिसं टाकत असतील तर त्यांना भाव येत नाही, महिनाभर थांबा. अंडी कमी होतात ती दिवस लहान झाल्यामुळे. डिसेंबरात आपल्याकडे उजेड जेमतेम पावणेअकरा तास आणि कोंबडीला लागतो चौदाच्या पुढे. म्हणून पहाटे साडेतीन तास एक दिवा लावा. सरकीची ढेप स्वस्त पडली तरी अंड्यावरच्या कोंबडीला नको, ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. मक्याला बुरशीचा वास आला तर तोही नको. खुराड्यात गव्हाचा भुसा किंवा शेंगांची टरफलं चार बोटं अंथरा. उत्तरेकडून पोतं लावा, पण वरची फट उघडी असू द्या. विष्ठेच्या कोंडलेल्या उग्र वासाने थंडीपेक्षा लवकर सर्दी होते.

आणि पक्षी परत आलाच, बाजारातून असो वा बक्षीस घेऊन, तर एकवीस दिवस वेगळं डालगं, घरातल्या खुराड्यापासून लांब. दाणापाणी आधी घरच्यांचं, त्याचं शेवटी, आणि ताई, मग हात धुऊनच चुलीकडे. तिसऱ्या आठवड्यात घरची एखादी साधी, लस न टोचलेली कोंबडी त्याच्यासोबत ठेवून पाहा. आठवडाभर ती दाणे टिपत राहिली, तर मग डालगं उचला.