जुन्या पीसीवर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर टाकताना

"अरे, सकाळपासून पीसी साफ करायचा तो क्लीनर उतरवून राहिलोय, पण साइट उघडूच नाही देत. म्हणते, कनेक्शन सुरक्षित नाही. माझ्याच घरात बसून मी काय चोरी करून राहिलो का?"

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या काकांचा हा फोन. त्यांचा पीसी २०१०च्या सुमाराचा: विंडोज ७, ३२ बिट, दोन जीबी रॅम. नवा घेऊ या म्हटलं की काका चहा टाकायला उठतात. कारण मराठी टायपिंगचं युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या आजच्या समान अक्षरपद्धतीच्या) आधीच्या वळणाचं एक सॉफ्टवेअर त्या पीसीवर आहे, आणि घराण्याचा सगळा कुळवृत्तांत त्याच फाँटमध्ये अडकलाय. इंदुरात अशी यंत्रं गल्लोगल्ली सापडतील. कुणाची जुनी टॅली, कुणाच्या मंडळाच्या सभासदांची यादी. ती टाकून देता येत नाहीत आणि नीट चालतही नाहीत. म्हणून लोक "पीसी रिपेअर" असं काहीतरी शोधून टाकायला बसतात आणि तिथेच अडतात.

मी फोनवर एकच विचारलं: काका, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?

१ जानेवारी २००९.

पहिलं काम: घड्याळ

सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचा पीसी स्वतःला २००९मध्ये समजत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो ते नाकारतो, आणि आपण साइटला, नेटवाल्याला, शेवटी घरातल्या पोरांना बोल लावत बसतो.

तारीख हाताने नीट करा आणि पीसी बंद करून रात्रभर प्लग काढून ठेवा. सकाळी तारीख परत मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. तो सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटण-सेल असतो. घड्याळवाल्याकडेही मिळतो, त्यासाठी कॉम्प्युटरवाल्यांच्या सिल्व्हर मॉलपर्यंत जायची गरज नाही. बदलण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबून जा आणि हार्डडिस्कच्या साटा मोडसमोर (डिस्कशी बोलायच्या पद्धतीसमोर) आयडीई लिहिलंय की एएचसीआय, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. हा मोड बदलला, तर विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होत राहतं आणि माणूस हार्डडिस्क गेली समजून रडायला येतो. फोटोप्रमाणे मोड परत लावला की यंत्र मुकाट्याने चालू होतं.

प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, बाजूची धातूची पकड नखाने सरकवा. जुना सेल उडी मारून बाहेर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. मग बायोसमध्ये तारीख भरा आणि एफ१०ने सेव्ह करा.

तारीख बरोबर असूनही साइट उघडत नसेल, तर विंडोज ७चं जुनेपण आड येतंय. आजच्या साइट सुरक्षित जोडणीची टीएलएस १.२ ही पद्धत मागतात, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत ते इंटरनेट ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये टिक करून चालू करावं लागतं. शिवाय ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रं खरी मानली जातात असं एक मोठं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, तेव्हापासून अपडेट न झालेल्या यंत्रांवर बऱ्याच साइट रुसल्या. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत बाळगतो, म्हणून विंडोज ७वर त्याची ११५ क्रमांकाची ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती पुष्कळ ठिकाणी काम भागवते. माझं मत विचाराल तर हा सगळा खटाटोप करूच नका. फाइल चांगल्या पीसीवर उतरवा आणि पेनड्राइव्हने न्या.

आधी कॉपी, मग इलाज

हे पाऊल सगळे गाळतात. दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर डिस्कवर लिहितं, आणि थकलेल्या डिस्कला तेवढंही झेपत नाही. म्हणून बाहेरची हार्डडिस्क लावा आणि आकाराने लहान पण जिवाच्या फाइल आधी घ्या. लग्नाचा व्हिडिओ शेवटी.

जुन्या फाँटमध्ये काम असेल तर फक्त फाइल नेऊन चालत नाही. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात फाँट्स नावाचं फोल्डर असतं, त्यातले ते फाँटही घ्या. नाहीतर दुसऱ्या पीसीवर पणजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. काकांना हे मी करून दाखवलं, तेव्हा कुठे ते कॉपीला तयार झाले.

कॉपी होताना डिस्कमधून टक-टक आवाज आला किंवा एकेका फाइलवर यंत्र गोठलं, तर हट्ट सोडा. पीसी बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

डिस्कची नाडी

डिस्कची तब्येत बघायला मी क्रिस्टलडिस्कइन्फो वापरतो. त्याची झिप आवृत्ती घ्या, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. नुसती उलगडून चालवायची. वर निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वेळ संपली. रंगावर न थांबता खाली तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब होऊन बदली जागेवर हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. शेवटच्या रकान्यातला आकडा पूर्ण शून्य हवा.

काकांच्या डिस्कला पिवळा रंग होता आणि सी५मध्ये ८. अशा डिस्कवर विंडोजच्या चेकडिस्कची खोल तपासणी किंवा विखुरलेल्या फाइल सलग लावणारं डीफ्रॅग चालवू नका. इंचन् इंच वाचायला लावून आपण तिला संपवतो. अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क आणा, जुनी डिस्क त्यावर जशीच्या तशी क्लोन करा. दहा-बारा वर्षांच्या पीसीला याने जो वेग येतो तो जगातला कुठलाही "बूस्टर" देत नाही. खरं तर मंद पीसीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि रिपेअर सॉफ्टवेअरची गरजच उरत नाही.

इन्स्टॉल का होत नाही

डिस्क धड आहे, तारीख धड आहे, तरी सेटअप चालत नाही. आता पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचा. घाईने ओके दाबणाऱ्यांचा मला राग येतो, कारण उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

"व्हॅलिड विन३२ अॅप्लिकेशन नाही" असं आलं तर दोन शक्यता. एक तर ६४ बिटची फाइल ३२ बिटच्या विंडोजवर चालवताय, किंवा फाइल अर्धवट उतरलीय. साइटवर दिलेला आकार आणि तुमच्या फाइलचा आकार ताडून बघा. विंडोज किती बिटचं हे विंडोज आणि पॉझ ही बटणं एकत्र दाबली की कळतं. तिथेच सर्व्हिस पॅक १ लिहिलेलं आहे का तेही पाहून घ्या. ते नसेल तर पुढचं बरंच काही बसणार नाही.

"एन्ट्री पॉइंट" सापडत नाही आणि सोबत कर्नेल३२चं नाव, म्हणजे सॉफ्टवेअर नव्या विंडोजसाठी बनलंय. त्याची जुनी आवृत्ती बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. उदाहरणार्थ, बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रुफसची ३.२२ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती.

"व्हीसीरनटाइम१४० ही डीएलएल नाही" हा संदेश तर रोजचाच. डीएलएल म्हणजे अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात अशी मदतनीस फाइल. इथे लोक मोठी चूक करतात: नुसती ती डीएलएल देणारी कुठली तरी साइट शोधतात आणि त्यासोबत व्हायरस घरी आणतात. हवं असतं मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल. विंडोज ६४ बिटचं असलं तरी सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर एक्स८६ची, म्हणजे ३२ बिटचीच फाइल लागते. नाव "एपीआय-एमएस-विन-सीआरटी"ने सुरू होत असेल तर केबी२९९९२२६ हे अपडेट टाका. ड्रायव्हरच्या किंवा सेटअपच्या डिजिटल सहीवरून विंडोज ७ अडत असेल तर केबी४४७४४१९. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये सह्यांची पद्धत बदलून शा-२ केली, आणि जुन्या विंडोजला ती सही या अपडेटशिवाय ओळखू येत नाही.

१६१८ हा आकडा आला तर दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय. थांबा, नाहीतर रीस्टार्ट करा. आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालवणाऱ्या अवस्थेत, जाऊन सेटअप चालवायला बघत असाल तर एमएसआय प्रकारच्या फाइल तिथे चालत नाहीत, कारण विंडोज इन्स्टॉलर सेवा तिथे सुरूच नसते.

आता एक खास आपल्या लोकांची अडचण, जी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. सेटअपवर दोनदा क्लिक केलं, निळं चक्र फिरलं, आणि काहीच नाही. संदेशही नाही. काकांकडे हेच झालं. पीसी घेतला तेव्हा कौतुकाने यूझरचं नाव देवनागरीत "आप्पा" असं टाकलेलं. सेटअप आधी स्वतःला टेम्प फोल्डरात उलगडतो, आणि ते फोल्डर यूझरच्या नावाच्या फोल्डरात असतं. जुन्या धाटणीच्या सेटअपला युनिकोड वाचता येत नाही. त्याला "आप्पा"च्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, वाट सापडत नाही, आणि तो गुपचूप मरतो. कंट्रोल पॅनलमधून यूझरचं नाव बदलून उपयोग नाही, त्याने फोल्डरचं नाव बदलत नाही. इंग्रजी नावाचं नवं अॅडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, त्यातून लॉगिन करा, सेटअप सी ड्राइव्हवरच्या साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात ठेवा आणि राइट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर. पहिल्या फटक्यात बसलं. काका जरा खट्टू झाले. म्हणाले, "म्हणजे माझं नावच आडवं येऊन राहिलं होतं?"

काय टाकावं, काय नको

टाकण्याआधी सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये जाऊन रिस्टोर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर मागे परतायची खूण, बनवा. एका वेळी एकच सॉफ्टवेअर टाका, रीस्टार्ट करा, बघा, मगच पुढचं. दोन अँटीव्हायरस एकत्र नांदत नाहीत. सेटअपमध्ये कस्टम निवडून नको त्या टिका काढा.

जाहिरातींचा कचरा काढायला अॅडडब्ल्यूक्लीनर आणि सुरू होताना काय काय चालू होतं ते बघायला ऑटोरन्स, एवढ्यावर माझं भागतं. ऑटोरन्समध्ये डिलीट करू नका, फक्त टिक काढा. चुकलं तर परत लावता येते.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणारे क्लीनर नकोच. "३,४१२ चुका सापडल्या" असं लाल अक्षरांत सांगून पैसे मागणारा प्रोग्राम दुरुस्ती करत नसतो, धंदा करत असतो. नावाजलेलं सॉफ्टवेअरही डोळे झाकून घेऊ नये. २०१७मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीच्या ३२ बिट प्रतीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती कंपनीच्याच सर्व्हरवरून अधिकृत सहीसह वाटली गेली. जुने पीसी बहुतेक ३२ बिटचेच, म्हणजे फटका नेमका त्यांनाच.

विंडोजच्या स्वतःच्या फाइल बिघडल्या असतील तर बाहेरचं काही लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एसएफसी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असं टाइप करा. चहा होईपर्यंत चालेल, मध्ये बंद करू नका. विंडोज ८ किंवा १० असेल तर आधी विंडोजचा मूळ फाइलसाठा दुरुस्त करणारी डिझमची रिस्टोरहेल्थ कमांड चालवावी. ७मध्ये ती सोय नाही.

पीसी सुरूच होत नसेल तर बूट होणारा पेनड्राइव्ह. हायरेन्स या दुरुस्तीच्या साधनांच्या तयार संचाच्या पीई आवृत्तीला ६४ बिटचा प्रोसेसर आणि किमान २ जीबी रॅम लागते, हे आधी बघा. पेनड्राइव्ह मागच्या काळ्या यूएसबी पोर्टात लावा. बूट मेनू कंपनीप्रमाणे एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केपने येतो. अधूनमधून निळा पडदा दिसत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबराने हलक्या पुसा. हसू नका, चालतं.

विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला, १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. काकांच्या टायपिंगला नेट लागत नाही, म्हणून काम झाल्यावर मी नेटची केबलच काढून घेतली. बँक आता मोबाइलवर.

शेवटी परत रात्रभर प्लग काढून ठेवायला सांगितलं, नव्या सेलची परीक्षा म्हणून. सकाळी फोन.

"तारीख बरोबर आहे रे. पण काळ्या पडद्यावर फ्लॉपी फेल म्हणून राहिलाय, एफ१ दाब म्हणतो."

सेल बदलल्यावर मूळ सेटिंग परत येतं, आणि त्या काळच्या बायोसला प्रत्येक पीसीला फ्लॉपी असतेच असं वाटतं. बायोसच्या स्टँडर्ड सीमॉस पानावर जाऊन "ड्राइव्ह ए"च्या समोर नन (काही नाही) करा, एफ१० दाबा.

"काका, फ्लॉपी आहे का तुमच्याकडे?"

"ड्राइव्ह नाही. पण फ्लॉपी आहेत ना, डबाभर. टाकू कशाला?"